अंड्यावर कागद का बसेना : एका घरगुती कलाकामाचा प्रकरण अभ्यास

अंड्यावर चढवलेल्या कागदाला चुण्या पडल्या की दोष बहुतेक वेळा गोंदाच्या माथी मारला जातो. या प्रकरणातही सुरुवात तिथूनच झाली. मी कागदकाम शिकवते. माझ्याकडे येणारी एक विद्यार्थिनी हाताने अतिशय नेटकी, शिवणकामात मुरलेली. तिने घरी, दहा वर्षांच्या मुलीला सोबत घेऊन, कागदाने मढवलेली शोभेची अंडी करायला घेतली होती. ती सगळी एका खोक्यात भरून मायलेकी माझ्याकडे आल्या. तिची तक्रार थोडक्यात होती : "ताई, तीन प्रकारचे गोंद वापरून झाले. एकही कागद धरून ठेवत नाही."

प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की या एका खोक्यात या कामातल्या जवळपास सगळ्या चुका एकत्र सापडल्या, आणि त्यांचा उलगडाही तिथेच, एका कोपऱ्यात पडलेला होता.

खोक्यात काय होतं

सगळ्यात जास्त अंडी चकचकीत भेटकागदाने मढवलेली होती. कागदाच्या आठ पट्ट्या, मध्ये न कापलेल्या पट्ट्याने जोडलेल्या, प्रत्येकीची टोकं त्रिकोणी कापलेली. टोकाला पट्ट्या छान जुळल्या होत्या, मधल्या घेरावरही ठीक होत्या. पण घेर आणि टोक यांच्या मधोमध, प्रत्येक दोन पट्ट्यांच्या बेचक्यात टरफलाची फट दिसत होती. कडांना बारीक उभ्या चुण्या. नखाने दाबली की चुणी एका जागी बसायची आणि शेजारी उठायची.

पुढच्या खेपेला तिने फट पडू नये म्हणून टोकं कापलीच नव्हती. सरळ पट्ट्या तशाच टोकाशी गोळा करून दाबल्या होत्या. त्या अंड्यांच्या दोन्ही टोकांना कागदाच्या थरांची गाठ झाली होती. हिशेब करून पाहा : अंड्याचा मधला घेर १४ सेंटिमीटर, आणि टोकाजवळ जिथे घेर साडेतीन सेंटिमीटर उरतो तिथेही कागद १४ सेंटिमीटरच. म्हणजे चार थर. असा जाड गठ्ठा कुठलाच गोंद दाबून धरत नाही.

एक अंडं घरच्या प्रिंटरवर छापलेल्या नक्षीचं होतं. त्यावर पाण्यात मिसळणारं वार्निश लावल्याबरोबर निळा रंग पसरून सगळीकडे गढूळ झाला होता.

दोन अंडी मात्र वेगळ्याच कारणाने आली होती. ती केली तेव्हा चांगली होती. काही आठवड्यांनी कागद जागोजागी फुगला, खालून पिवळट-तपकिरी डाग वर आले, आणि नाकाजवळ धरली तर वास येत होता.

आणि तळाशी, रुमालात गुंडाळलेलं एक अंडं होतं. रंग थोडे विसंगत, कुठे गडद कुठे फिकट. पण बोट फिरवलं तर कुठेही कड लागत नव्हती. एकही चुणी नाही. आई म्हणाली, "ते माझं नाही. उरलेल्या टिश्यू कागदाचे कपटे चिकटवत बसली होती ही."

मी मुलीला विचारलं, मोजमाप कसं घेतलंस? ती म्हणाली, "मावशी, मी काही मोजलंच नाही. फाडला आणि लावला."

चुणी कुठून येते

आईने तिन्ही गोंद एकाच कागदावर आणि त्याच आठ पट्ट्यांवर वापरले होते. गोंद बदलत गेला, कागदाचा आकार तोच राहिला. त्यामुळे निकालही तोच आला.

कागद एका दिशेने सहज वळतो. त्याची नळी होते, शंकू होतो. पण एकाच वेळी दोन दिशांनी त्याला गोल करायचं तर तो कुठेतरी ताणावा लागतो किंवा कुठेतरी आखडावा लागतो, आणि कागद ताणत नाही. कार्ल फ्रीडरिश गाउस या गणितज्ञाने १८२७ मध्ये हे सिद्ध करून ठेवलं आहे : सपाट पृष्ठभाग ताणल्या-आखडल्याशिवाय गोलाच्या पृष्ठभागावर चपखल बसू शकत नाही. आपल्या हातातलं अंडं हा त्या नियमाचा साधा अनुभव. चुणी म्हणजे जास्तीचा कागद, त्याला जायला दुसरी जागा नसते.

पृथ्वीगोल करणाऱ्यांना हे गाउसच्या कितीतरी आधी हातानेच कळलेलं होतं. मार्टिन वाल्डझेमुलरने १५०७ मध्ये छापलेल्या छोट्या पृथ्वीगोलाचा नकाशा बारा फाक्यांमध्ये आहे; मध्ये रुंद, दोन्ही टोकांना निमुळत्या, कडा बाहेर फुगलेल्या. ('अमेरिका' हे नाव ज्या पहिल्या छापील नकाशांवर आलं, त्यांतलाच हा एक.) फाक्या कापून गोलावर चिकटवल्या की नकाशाचा गोल तयार. अंड्यावर कागद चढवणं हे नेमकं तेच काम आहे, फक्त गोल जरा लांबट.

मग फाक्या किती हव्यात? मी तिच्यासमोर कागदावर आकडे मांडले, कारण तिला शिवणकामामुळे मापाची भाषा पटकन कळते. मध्यम आकाराच्या कोंबडीच्या अंड्याचा घेर सुमारे १४ सेंटिमीटर, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाठीवरून मोजलं तर सुमारे ८ सेंटिमीटर. फाकी बरोबर आकारात कापली, तरी सपाट कागदावर तिची फुगीर कड मधल्या रेषेपेक्षा थोडी लांब असते. अंड्यावर मात्र दोन्ही लांब्या सारख्याच असायला हव्यात. अंडं गोल धरून हिशेब केला तर आठ फाक्यांना ही जादा लांबी प्रत्येक कडेवर ३ मिलिमीटरच्या आसपास येते. बारा फाक्यांना दीडच्या आत. सोळा फाक्यांना पाऊण मिलिमीटर. फाक्या दुप्पट केल्या की जादा कागद चौथाईवर येतो, हे इथे लक्षात ठेवण्यासारखं. तीन मिलिमीटर कुठेच लपत नाहीत, चुणी पडणारच. पाऊण मिलिमीटर मात्र भिजलेल्या पातळ कागदात बोटाच्या दाबाने जिरून जातो.

मुलीच्या कपट्यांचं रहस्यही हेच. नखाएवढा तुकडा अंड्याच्या ज्या भागावर बसतो, तो भाग जवळजवळ सपाटच असतो. शिवाय तिने कागद कापला नव्हता, फाडला होता. फाडलेल्या कडेला तंतू मोकळे होऊन विरळ होतात, त्यामुळे एकावर एक आलेली कड हाताला लागत नाही. न मोजता तिने बरोबर तेच केलं होतं जे गणित सांगतं, आणि मला हे तिला मुद्दाम समजावून सांगावंसं वाटलं. मोठ्यांच्या नेटकेपणासमोर मुलांचं काम 'टाइमपास' म्हणून बाजूला पडतं, ते इथे तरी पडायला नको होतं.

फाकीचा आकार आणि अंड्याचा तिरकेपणा

त्रिकोणी टोकांमुळे पडलेल्या फटींचा हिशेबही असाच सुटला. सोळा फाक्या धरल्या तर मधल्या घेरावर प्रत्येकीची रुंदी पावणेनऊ मिलिमीटर. घेरापासून टोकापर्यंतच्या अर्ध्या वाटेवर त्रिकोणाची रुंदी निम्मी, म्हणजे साडेचारच्या आत येते. पण तिथे अंडं अजून बरंच जाड असतं. गोलाच्या हिशेबाने रुंदी सत्तर टक्के, म्हणजे सव्वासहा मिलिमीटर हवी. उरलेल्या जवळजवळ दोन मिलिमीटरची फट. तिच्या आठ पट्ट्यांच्या अंड्यांवर हीच फट दुप्पट होती. म्हणून टोक सरळ रेषेत न कापता कड बाहेरच्या बाजूला हलकी फुगीर ठेवायची आणि खरं निमुळतं करणं शेवटच्या तृतीयांशात उरकायचं. तिने हे ब्लाउजच्या टक्सांशी ताडून पाहिलं आणि मला पुढे बोलायची गरजच उरली नाही.

एक गोष्ट मात्र मला सगळी अंडी ओळीत लावल्यावरच दिसली. जवळपास प्रत्येक अंड्यावर निमुळत्या टोकाला कागद कमी पडला होता आणि बोथट टोकाला जास्त झाला होता. तिने कागदाचा न कापलेला मधला पट्टा बरोबर मधोमध ठेवला होता. अंड्याचा सगळ्यात रुंद घेर मात्र मधोमध नसतो, तो बोथट टोकाकडे सरकलेला असतो. ८ सेंटिमीटरची वाट साधारण साडेतीन आणि साडेचार अशी वाटली जाते. प्रत्येक अंड्याचं प्रमाण निराळं, त्यामुळे छापील साच्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा दोऱ्याने प्रत्येक अंडं मोजून घ्यावं, असं माझं मत आहे. वेळ फारसा जात नाही.

कागद

चकचकीत भेटकागद या कामाला मी सुचवत नाही. त्याच्यावरचा लेप पाणी आत जाऊ देत नाही, म्हणून कागद भिजून मऊ होत नाही, आणि मऊ झाल्याशिवाय तो पाऊण मिलिमीटरसुद्धा जिरवत नाही. पातळ, पाणी पिणारा, ओला असताना न फाटणारा कागद हवा. जपानी वाशी कागद या कामात नावाजलेला आहे, त्याचं कारण त्याचे लांब तंतू. तो मुख्यतः कोझो या तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून हाताने करतात. हाती कागद करण्याच्या या कलेची नोंद २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत झाली. पण तो नसेल तर काही अडत नाही. साधा टिश्यू किंवा ओरिगामीचा पातळ कागद पुरतो.

यंत्रावर केलेल्या कागदात बरेचसे तंतू एकाच दिशेने पडलेले असतात. छपाईवाले याला ग्रेन म्हणतात. कागद ओला झाला की ग्रेनच्या आडव्या दिशेने तो ग्रेनच्या दिशेपेक्षा कित्येक पट जास्त फुगतो, आणि सुकताना तितकाच आखडतो. फाकीच्या लांबीत ग्रेन आडवा आला तर ओली फाकी लांबते, टोकापर्यंत नीट बसल्यासारखी दिसते, आणि रात्रीतून आखडून टोक उचलते. तिच्या बऱ्याच अंड्यांची टोकं अशीच 'सकाळी उठून' आली होती. ग्रेन ओळखायला चौकोनी कपटा एका बाजूने ओला करावा. तो गुंडाळला जातो, आणि त्या गुंडाळीची लांबी ज्या दिशेला, तोच ग्रेन. फाकी त्याच दिशेला लांब ठेवायची.

गोंदाबद्दलही बोलायला हवं, कारण त्याच्यावर बराच अन्याय झाला होता. तिचा पांढरा गोंद चांगलाच होता. पण तो घट्ट, न मिसळता लावलेला. टरफल सच्छिद्र असतं, पाणी ओढून घेतं, आणि घट्ट गोंद कागद सरकवायच्या आतच पकडतो. मला पिठाची खळ आवडते, कारण ती घाई करत नाही. लावलेला कागद उचलून पुन्हा बसवता येतो. नुसत्या खळीला दमट हवेत बुरशी धरते, म्हणून दोन भाग खळ आणि एक भाग पांढरा गोंद असं मिश्रण मी सुचवलं. पुस्तकं बांधणारेही खळ आणि गोंद असे एकत्र वापरतात.

डाग आणि वास

आता ती दोन अंडी. इथे कागदाचा काही संबंध नव्हता.

टरफल फक्त तीन-चार दशांश मिलिमीटर जाड असतं आणि त्यात सात ते सतरा हजार सूक्ष्म छिद्रं असतात. आतून त्याला पापुद्र्यांचं अस्तर असतं. अंडं फुंकून रिकामं केलं, पाण्याने खळखळून धुतलं, तरी पापुद्रा पाणी आणि पांढऱ्याचा अंश धरून ठेवतो. तिने धुतल्यानंतर दुसऱ्याच दिवशी कागद चढवला होता, भोकं कागदाच्या टिकल्यांनी बंद केली होती आणि वरून वार्निशचे दोन हात दिले होते. आतल्या ओलाव्याला बाहेर पडायला उरली ती टरफलाची छिद्रं, आणि त्यांच्यावर गोंद. ओलावा तिथे पोचला, गोंद सुटला, कागद फुगला. आत राहिलेला अंश कुजला आणि त्याचाच डाग वर उमटला.

या दोन अंड्यांना वाचवायचा प्रयत्न करू नये, टाकून द्यावीत, असं मी स्पष्ट सांगितलं. ती जरा हिरमुसली, कारण दिसायला त्यांतलं एक सगळ्यात सुरेख होतं.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने बदलायला लावली. ती अंडी तोंडाने फुंकत होती. कच्च्या अंड्याच्या टरफलावर आणि आतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. त्यासाठी छोटा रबरी फुगा किंवा सुई काढलेली सिरिंज वापरावी. भोकातून हवा सोडली की आतला ऐवज दुसऱ्या भोकातून आपोआप येतो. त्याआधी लांब सुई आत फिरवून पिवळा बलक फोडून घ्यायचा. भोकांत मोठं भोक बोथट टोकाला, कारण तिथे आत हवेची पोकळी असते. टरफल आधी कोमट पाण्याने धुवायचं. थंड पाण्याने आतला भाग आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. नंतर हात साबणाने धुवायचे, आणि निघालेलं अंडं वापरायचं तर पूर्ण शिजवूनच.

पुन्हा केलेली अंडी

नवीन खेपेला टरफल सुकलंय की नाही हे अंदाजाने ठरवायचं नाही, असं ठरलं. तिच्याकडे दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा होता. धुतलेली टरफलं भोक खाली करून हवेशीर जागी ठेवली आणि मुलगी रोज एकेक वजन करून वहीत लिहू लागली. सुरुवातीला प्रत्येक टरफल सात ग्रॅमच्या आसपास भरत होतं. आकडा रोज थोडा खाली येत गेला आणि सहाच्या आत जाऊन थांबला. लागोपाठ दोन दिवस तोच आकडा आला, तेव्हाच कामाला सुरुवात. ही युक्ती मला फार पटली. यापुढे मी सगळ्यांना हीच सांगणार आहे.

त्यानंतर टरफलावरचा बोटांचा तेलकटपणा व्हिनेगर घातलेल्या पाण्याच्या बोळ्याने पुसून घेतला. हे एका झटक्यात उरकायचं. टरफल जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगरमध्ये ते विरघळायला लागतं, बुडबुडे येताना दिसतात.

मग दोघींच्या पद्धती एकत्र आल्या. आधी मुलीने प्रत्येक अंड्यावर पांढऱ्या टिश्यूच्या फाडलेल्या कपट्यांचा एक थर दिला. या अस्तराने तीन कामं झाली. तपकिरी टरफलामुळे पातळ रंगीत कागद मळका दिसायचा, ते थांबलं. टरफलाला बळकटी आली. आणि वरच्या फाक्यांमध्ये केसभर फट राहिली तरी खाली गुळगुळीत टरफलाऐवजी कागद असल्याने ती डोळ्यात येत नव्हती. अस्तर पूर्ण सुकल्यावर आईने फाक्या चढवल्या. कागदाचा आयत घेराइतका लांब, त्यात तीन मिलिमीटर जास्त. चार वेळा दुमडून सोळा भाग. दोन्ही लांब कडांकडून कात्रीने फाकीच्या आकाराच्या चिरा, मधला सुमारे आठ मिलिमीटरचा पट्टा अखंड. पट्टा रुंद घेरावर आधी बसवला, मग समोरासमोरच्या फाक्या जोडीजोडीने, म्हणजे कागद एकीकडे ओढला जात नाही. प्रत्येक फाकी ब्रशने भिजवून अर्धा मिनिट थांबायचं आणि मगच दाबायची. मी शेजारी बसून पाहत होते. तिसऱ्या-चौथ्या फाकीपासून तिने नखाने दाबणं सोडलं आणि ओल्या बोटाच्या पेराने, घेराकडून टोकाकडे, हळू सारत नेऊ लागली. कागद बसला की त्याचा ओला चकाकणारा रंग एकसारखा होतो. जिथे हवा राहते तिथे फिकट ठिपका दिसतो. तो ठिपका शोधायला ती खिडकीकडे अंडं तिरकं धरायची.

टोकांवर दोन सेंटिमीटरच्या टिकल्या, त्यांनाही कडेने बारीक चिरा. वार्निश सगळं कोरडं झाल्यावर, पातळ दोन हात. छापील कागदाचं मात्र आधी कपट्यावर ओलं बोट फिरवून पाहायचं; रंग बोटाला लागला तर तो कागद या कामातून बाद.

ही अंडी ठीक बसली. एका अंड्याची टिकली उचलली होती, ती खळीने पुन्हा बसली. पट्ट्यांच्या कडा बोटाला अजून किंचित लागतात, मुलीच्या कपट्यांच्या अंड्याइतकी सफाई त्यांत नाही, आणि ते आईलाही मान्य आहे.

एक प्रश्न मात्र राहिला. तिला उभ्या रेघांचा कागद फार आवडतो, आणि तो या अंड्यांवर चांगला दिसत नाही. फाक्या निमुळत्या कापल्या की कडेच्या रेघा मध्येच तुटतात. बारीक फुलांची, कुठूनही कापली तरी चालणारी नक्षी घ्यावी, असं माझं सांगणं होतं. तिने दुसरी वाट काढली : कोऱ्या पातळ कागदाच्या फाक्या आधी कापायच्या आणि रेघा नंतर फाक्यांवरच आखायच्या, टोकाकडे बारीक करत, म्हणजे पृथ्वीगोलावरची रेखावृत्तं जशी टोकाला जवळ येतात तशा. असं पहिलं अंडं मढवून झालं आहे. त्याला वार्निश अजून लावलेलं नाही, कारण त्या शाईचा चाचणीचा कपटा सुकायचा आहे.